केस किल मांक? फ्रान्समधल्या काउंटरवर विचारायचा पहिला प्रश्न

वाचकाचं पत्र

ताई, लग्न होऊन सात महिन्यांपूर्वी तुलूझला आले. नवऱ्याच्या ऑफिसात सगळे इंग्रजी बोलतात त्यामुळे त्याचं फ्रेंचवाचून काही अडत नाही, माझं मात्र पावलोपावली अडतं. एका सरकारी ऑफिसात दिलेली माझी फाइल दोनदा परत आली. पहिल्यांदा जन्मदाखल्याचं भाषांतर नव्हतं म्हणून, आणि दुसऱ्यांदा का ते मला अजून कळलेलं नाही. काउंटरवरच्या बाई भराभर काहीतरी बोलल्या, मी "वी, वी", म्हणजे हो, हो, म्हणत मान हलवली आणि घरी येऊन रडले. जन्मदाखल्यावर माझं माहेरचं नाव आहे, पासपोर्टवर सासरचं. अ‍ॅपवर तीन महिने फ्रेंच शिकतेय, पण त्यातली मांजर आणि सफरचंदाची वाक्यं ऑफिसात काय कामाची? कागदपत्रांसाठी खरंच उपयोगी पडतील अशी वाक्यं सांगाल का?

उत्तर

अगं, सगळ्यात आधी ते "वी" सोड. ऑफिसात "वी" म्हटलं की समोरच्या बाईंना वाटतं हिला समजलं, ही आता नीट कागद घेऊन येईल, आणि त्या पुढच्या माणसाला बोलावतात. त्या तुटकपणे वागतात असं नाही, त्यांचं काम त्यांच्यापुरतं झालेलं असतं. तुला समजलं नाही हे त्यांना कळायचं तर ते तुलाच सांगावं लागणार, आणि त्याचं वाक्य आहे "झ ने पा कोंप्री", मला समजलं नाही. हे वाक्य मी इथे आले तेव्हा पहिलं वर्षभर लाजून वापरलंच नाही आणि त्या एका लाजेपायी किती फेऱ्या मारल्या ते आठवलं की आजही वाईट वाटतं. तू नको तसं करू.

मी सगळं देवनागरीत लिहितेय. अनुस्वार दिसेल तिथे आवाज नाकातून काढायचा, न किंवा म पूर्ण म्हणायचा नाही, "झ" म्हणजे आपण टेलिव्हिजन म्हणताना जो ज येतो ना तो, आणि "र" घशातून. अगदी तंतोतंत नाही जमलं तरी चालतं, समजून घेतात.

आता खरी गोष्ट सांगते. काउंटरवर तुझं फ्रेंच किती सुंदर आहे याच्याशी कुणालाच देणंघेणं नसतं, तुला तिथून एकच गोष्ट घेऊन बाहेर पडायचंय, ती म्हणजे नेमका कोणता कागद कमी आहे. त्याचा प्रश्न: "केस किल मांक?" काय कमी आहे? उत्तर बहुतेकदा "इल मांक..." असं सुरू होतं आणि पुढे कागदाचं नाव येतं. ते नाव तुला ऐकून कळणार नाहीच, म्हणून लगेच दुसरं वाक्य, वही आणि पेन पुढे करून: "पुव्हे-व्हू म लेक्रीर, सिल व्हू प्ले?" मला हे लिहून द्याल का, प्लीज. वही पुढे केलेली असली की नाही म्हणणारं माणूस मला तरी क्वचित भेटलंय. घरी येऊन तो शब्द फोनमध्ये टाकायचा, झालं. दुसऱ्यांदा फाइल का परत आली हे तुला कळलं नाही म्हणतेस ना, ते या दोन वाक्यांनी त्याच दिवशी कळलं असतं.

पण या दोन्हीच्या आधी "बोंझूर". हे फार महत्त्वाचं आहे आणि आपल्याकडच्या माणसाला सांगावं लागतं, कारण आपल्याकडे बँकेत किंवा तलाठ्याकडे गेलं की आपण सरळ "अहो, ते अमुक फॉर्म..." असंच सुरू करतो, त्यात काही उद्धटपणा नसतो. इथे मात्र "बोंझूर मादाम" किंवा "बोंझूर मस्यू" न म्हणता कामाचं बोललं की समोरच्याला ते सरळ अपमान केल्यासारखं वाटतं. म्हणून बोंझूर म्हणायचं, थांबायचं, त्यांच्याकडून बोंझूर परत येऊ द्यायचं आणि मग पुढचं: "झ व्हियें पूर मों दोसिए", माझ्या फाइलसाठी आलेय. वेळ घेतलेली असेल तर "झे रांदेव्हू आ दीज अर", दहा वाजताची अपॉइंटमेंट आहे. आणि लगेच एक वाक्य जोडायचं, "झ पार्ल अं प फ्रांसे", मी थोडंसं फ्रेंच बोलते, म्हणजे त्या आपोआप हळू बोलतात, आणि नाही बोलल्या तर "प्ल्यू लांतमां, सिल व्हू प्ले", जरा सावकाश.

आता नावाचं प्रकरण. मला जवळजवळ खात्री आहे की तुझी फाइल दुसऱ्यांदा यातच अडकली, आणि आपल्या मुलींचं सगळ्यात जास्त इथेच अडतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या काळातला, १७९४ चा एक कायदा आहे की कुणीही जन्मनोंदीत आहे त्यापेक्षा वेगळं नाव लावायचं नाही, आणि ते तत्त्व आजही चालू आहे. म्हणजे इथे लग्नाने बाईचं नाव कायद्याने बदलतच नाही. तिचं जन्माचं आडनाव आयुष्यभर तेच राहतं, नवऱ्याचं आडनाव तिला फक्त वापरता येतं. म्हणून फॉर्मवर दोन जागा असतात, "नों द नेसांस" म्हणजे जन्माचं आडनाव आणि "नों द्युजाझ" म्हणजे वापरातलं आडनाव. पूर्वी पहिल्या जागेवर "नों द झन फीय", कुमारिकेचं नाव, असं छापलेलं असायचं, ते आणि "माद्मुआजेल", म्हणजे कुमारी, हा शब्द २०१२ च्या परिपत्रकाने सरकारी फॉर्मवरून काढले. कुठे जुना फॉर्म हातात आला तर गोंधळू नकोस, जागा तीच आहे.

आणि आपल्याकडे काय होतं तर लग्नात आडनाव बदलतं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आणि काही घरांत तर ताटातल्या तांदळात अंगठीने नवीन नाव लिहून पहिलं नावसुद्धा बदलतात. तुझ्या जन्मदाखल्यावर एक बाई आणि पासपोर्टवर दुसरीच बाई, असं इथल्या क्लार्कला दिसतं. त्यात आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात बऱ्याचदा नवऱ्याचं नाव जोडून येतं, आणि फ्रेंच माणूस ते तुझं दुसरं प्रथमनाव समजतो. बाईचं नाव पुरुषाचं कसं, हे त्याला कळत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

म्हणून ही तीन वाक्यं पाठच कर. "मों नों आ शांझे आप्रे ल मारियाझ", लग्नानंतर माझं नाव बदललं. "ल दजियेम, से ल प्रेनों द मों मारी", दुसरं आहे ते माझ्या नवऱ्याचं नाव आहे. आणि जन्मदाखला व पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवून, "से ला मेम पेरसॉन", ही एकच व्यक्ती आहे. नुसतं तोंडी सांगून भागत नाही, दोन नावांना जोडणारा कागद लागतो आणि तो म्हणजे लग्नाचा दाखला, "आक्त द मारियाझ", त्याचंही भाषांतर करून. तुझ्या पत्रात तू फक्त जन्मदाखल्याच्या भाषांतराचं लिहिलंस, लग्नाच्या दाखल्याचं काहीच नाही, म्हणून मला ती शंका आली. पहिलं नावही बदललेलं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव छापून आलेलं असतं ते पान जोड.

भाषांतर कुणाकडून करून घेतलंस ते लिहिलं नाहीस. ते "त्राद्युक्तर आसेरमांते"कडूनच पाहिजे, म्हणजे शपथ घेतलेला भाषांतरकार, ज्याचं नाव इथल्या अपील कोर्टाच्या यादीत असतं. मराठीचा असा माणूस मिळणं कठीण, पण आपल्या महापालिकेचा जन्मदाखला बहुतेकदा मराठी-इंग्रजी दोन्हीत असतो, त्यामुळे इंग्रजीवरून करणारा चालतो आणि ते सगळ्या शहरांत मिळतात. भाषांतर करून घेताना त्याला दोन्ही दाखले एकदमच दे आणि तुझ्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे एका कागदावर लिहून दे, नाहीतर एका कागदावर एक स्पेलिंग आणि दुसऱ्यावर दुसरं, मग तो निस्तरत बसायचा उद्योग वेगळा.

स्पेलिंगवरून आठवलं, फोनवर किंवा काउंटरवर नाव सांगताना इंग्रजी अक्षरं अजिबात वापरू नकोस. हे मी कळकळीने सांगतेय. इंग्रजीत आपण ज्याला "जी" म्हणतो ते फ्रेंच कानाला त्यांच्या "झी"सारखं लागतं आणि त्यांचं झी म्हणजे आपलं जे! आणि आपलं "जे" त्यांना "झे" वाटतं, जे त्यांचं जी आहे. म्हणजे अगदी उलट. शिवाय इंग्रजीतलं "ई" म्हणजे त्यांचं आय आणि इंग्रजीतलं "ए" त्यांना ई वाटतं. इंग्रजीतून जाधव सांगितलं तर ते पार वेगळंच काहीतरी लिहून मोकळे होतात आणि तेच नाव कॉम्प्युटरमध्ये जातं. जाधव असेल तर असं सांगायचं: "सा सेक्री", म्हणजे ते असं लिहितात, आणि मग "झी, आ, दे, आश, आ, व्हे". गायकवाड: "झे, आ, ई, का, दूब्लव्हे, आ, दे". तुझं नाव असं दहा वेळा मोठ्याने म्हणून ठेव, आणि तरी शंका वाटली तर पासपोर्ट पुढे करायचा. आकड्यांचंही तसंच, फोन नंबर इथे दोन दोन आकड्यांच्या जोडीने सांगतात आणि सत्तरपासून पुढे त्यांची मोजणी साठ-दहा म्हणजे सत्तर, चार-वीस म्हणजे ऐंशी अशी चालते, ते बोलताना हमखास चुकतं, तेव्हा नंबर लिहूनच दे. आणि हाताने सात लिहिताना मध्ये आडवी रेघ मार, कारण ते लोक एक लिहिताना वरून इतकी लांब तिरपी रेघ काढतात की आपला साधा सात त्यांना एक वाटतो.

फॉर्मकडे येऊ. सरकारी फॉर्मला इथे "सेरफा" म्हणतात, वर नंबर असतो, कुणी कोणता फॉर्म भर म्हणालं तर तो नंबरच मागून घे. फॉर्म वाचताना आपल्याला इंग्रजी येतं हीच अडचण होते, कारण शब्द ओळखीचे वाटतात आणि अर्थ वेगळा निघतो. "नों" हे नाव नाही, आडनाव आहे, नाव म्हणजे "प्रेनों". "काज" लिहिलेलं इंग्रजी केससारखं दिसतं पण तो चौकोन आहे, "कोशे ला काज" म्हणजे चौकोनात खूण करा. "पिएस" म्हणजे तुकडा नाही, जोडायचा कागद. "दमांद" म्हणजे नुसता अर्ज, त्यात कुठली मागणीबिगणी नाही. "देले" म्हणजे उशीर नाही, मुदत, आणि हे नाही कळलं तर तारीख हुकते. "एव्हांत्युएलमां" म्हणजे शेवटी नाही, असल्यास. तसंच "ल का एशेआं", लागू असेल तर, हे दिसलं आणि तुला लागू नसेल तर ती ओळ सोडून दे. पण जिथे काही तरी लिहिणं भागच आहे आणि लिहायला काही नाही, तिथे "नेआं" लिहायचं, म्हणजे निरंक. "रेयेर ला मांसियों इन्युतील" असेल तर नको ते खोडायचं, आणि "काद्र रेजेर्व्हे" असा कोपरा दिसला तर तिथे हात लावायचा नाही, तो ऑफिसचा.

सही करायच्या जागी कधी कधी नुसती सही चालत नाही, वर हाताने "ल्यू ए आप्रूव्हे", वाचलं आणि मान्य आहे, असं लिहायला सांगतात, घरभाड्याच्या कागदावर तर हे बऱ्याचदा असतं. आणि "फे आ तुलूझ, ल", म्हणजे तुलूझ इथे, दिनांक, असं लिहून पुढे तारीख. तुला एखादी गोष्ट कागदाने सिद्ध करता येत नसेल तर "आतेस्तासियों स्युर लोनर" चालेल का विचार, म्हणजे आपलं स्वयंघोषणापत्र. ते साध्या पांढऱ्या कागदावर "झ सुसिन्ये", मी खाली सही करणारी, असं सुरू करून लिहितात. पण त्यात चुकूनसुद्धा खोटं लिहायचं नाही, इथे तो गुन्हा आहे. खरीखुरी चूक झाली तर घाबरायचं कारण नाही, २०१८ च्या कायद्याने "द्रुआ आ लेरर", चूक करण्याचा हक्क असा मान्य केलाय, चांगल्या हेतूने पहिल्यांदा चूक झाली आणि तू ती दुरुस्त केलीस तर शक्यतो दंड होत नाही. तेव्हा म्हणायचं, "से ऊन एरर द बोन फुआ", ही चांगल्या हेतूने झालेली चूक आहे.

झेरॉक्सवर सही-शिक्के मारून आणायची आपली सवय इथे लागत नाही, फ्रेंच ऑफिसांनी अटेस्टेड कॉपी मागणं २००१ पासून बंद झालंय. "लोरिझिनाल ऊ ला कोपी?", मूळ कागद की कॉपी, एवढं विचारून घे. दोन्ही बाजू हव्यात असं सांगायला ते "रेक्तो व्हेर्सो" म्हणतात. मूळ जन्मदाखला मात्र पोस्टाने कधीच पाठवू नकोस.

काउंटरवरून निघताना दोन गोष्टी. "केल ए ल देले?" किती वेळ लागेल. आणि "पुव्हे-व्हू म दोने अं रेसेपिसे?" पोचपावती द्याल का. पोचपावती हातात नसेल तर तू फाइल दिली होतीस हे कुणाला सांगणार? पोस्टाने पाठवायचं असेल तर "लेत्र रकोमांदे आव्हेक आक्यूजे द रेसेप्सियों", म्हणजे आपल्याकडे पूर्वी रजिस्टर एडी असायचं ना अगदी तसं, पोचल्याची सही परत येते, फक्त नाव लांबलचक. ईमेल करायचा तर सुरुवात "व्हये त्रुव्हे सी-झ्वें", सोबत जोडलंय ते पाहावं, आणि उत्तर नाही आलं तर पंधरा-वीस दिवसांनी "झ म पेरमे द व्हू रलांसे", आठवण करून देतेय. ही आठवण देण्यात काही वावगं नाही, उलट गप्प बसणं महागात पडू शकतं. प्रीफेक्तूरकडे, म्हणजे सरकारच्या जिल्हा कार्यालयाकडे, रेसिडन्स परमिटचा अर्ज करून ४ महिने उत्तर आलं नाही तर कायद्याने तो नाकारला असं धरतात, उत्तर नाही म्हणजे काम चालू आहे असं आपण समजतो आणि तिथेच फसतो.

हेल्थ इन्शुरन्सचा नंबर मिळाला की तोही नीट वाच. पहिला आकडा बायकांसाठी २, मग जन्मवर्षाचे दोन, महिन्याचे दोन, मग ९९ म्हणजे परदेशात जन्म आणि २२३ म्हणजे भारत. तात्पुरता नंबर आधी वेगळ्या आकड्याने सुरू होऊ शकतो, त्याने घाबरू नकोस. वर्ष-महिना चुकला असेल तर तेव्हाच सांग, नंतर प्रत्येक दवाखान्यात आणि पगारपत्रकावर तोच नंबर चालतो.

एकटीने जमेना तर "फ्रांस सेर्व्हिस"मध्ये जा. देशभर अशी २५०० हून जास्त केंद्रं आहेत, तिथे बसून फॉर्म भरायला फुकट मदत करतात. काही नगरपालिकांत आणि वाचनालयांत "एक्रीव्हें प्युब्लिक" बसतात, म्हणजे लोकांना अर्ज लिहून देणारे, आपल्या कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचे ना तसे, पण पैसे न घेणारे. तिथे म्हणायचं "पुव्हे-व्हू मेदे आ रांप्लीर स फोर्म्युलेर?" हा फॉर्म भरायला मदत कराल का?

नवऱ्याला म्हण, एक काम त्याने करायचंच. इथे पत्ता सिद्ध करायला अलीकडचं विजेचं वगैरे बिल मागतात, "झ्युस्तिफिकातीफ द दोमिसील". बिल एकट्या नवऱ्याच्या नावावर असेल तर बऱ्याचदा त्याच्याकडून "मी हिला माझ्या घरी राहू देतोय" असं पत्र, त्याचा पासपोर्ट, त्याचं बिल, असं सगळं जोडावं लागतं. वीज कंपनीला एक फोन करून "पुव्हे-व्हू आझुते मों नों स्युर ल कोंत्रा?", माझं नाव कॉन्ट्रॅक्टवर घालाल का, एवढं विचारलं की काम होतं, पैसे लागत नाहीत. बँकेचं आणि घरभाड्याचंही तसंच कर. हे मी भांडण लावायला सांगत नाहीये, सात महिने झाले तू इथे राहतेस आणि एकाही कागदावर तुझं नाव नाही हे बरोबर नाही ना.

आणि हो, आज संध्याकाळी खाली जाऊन लेटरबॉक्स बघ. इथे पोस्टमन पेटीवरचं नाव बघून पत्र टाकतो. माझ्या वेळी पेटीवर फक्त नवऱ्याचं आडनाव होतं आणि माझी पत्रं माझ्या जन्माच्या आडनावावर यायची, एका ऑफिसने पाठवलेलं कार्ड "या पत्त्यावर राहत नाही" असा शिक्का बसून परत गेलं आणि मला ते दोन महिन्यांनी कळलं. एका चिठ्ठीवर तुझी दोन्ही आडनावं, माहेरचं आणि सासरचं, मोठ्या अक्षरात लिही आणि पेटीवर चिकटव. पारदर्शक टेप वरून लाव, पावसाने शाई जाते.